टेबलाचा उतार

स्ट्रायकर बोर्डावर ठेवला, तर तो आपसूक पलीकडे घसरत गेला. मला रडूच कोसळलं. अर्धांगवायूनंतर बाबांना जमिनीवर बसता येईना, म्हणून मी हे कॅरमचं टेबल घरीच केलं होतं. त्याआधी कधी करवत हातात धरली नव्हती. पलीकडचे दोन पाय बोटभर आखूड झाले. शेवटी त्यांच्याखाली लाकडाच्या चकत्या सरकवल्या.

तेवढ्यात बाबांचे जुने खेळगडी घोरपडेकाका आले. मी बाबांना धरून खुर्चीत बसवत होते, तेव्हा काकांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं, पायाने त्या चकत्या हळूच बाहेर ओढल्या आणि स्वतः उताराच्या बाजूला बसले.

बाबांची बोटं स्ट्रायकरला जेमतेम ढकलायची, पण पावडरीवरून सोंगट्या उताराने भोकात जायच्या. राणीही गेली तेव्हा काका ओरडले, "अरे, झटका तुला आला की मला?" आजारपणानंतर बाबा पहिल्यांदा हसले.

काका रोज येत राहिले, रोज हरत राहिले. मी त्यांच्या चहात आलं जरा जास्तच किसून घालायचे. आभार मानायला दुसरं काही सुचायचं नाही.

काल बाबांनी उजव्या हाताने शर्टाची बटणं स्वतः लावली. मग मला म्हणाले, "त्या चकत्या आण. लाव पायांखाली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"उभा जन्म त्याच्याशी खेळतोय गं." बाबांनी दाराकडे पाहिलं; जिन्यावर काकांच्या चपला वाजत होत्या. "खूप हरला माझ्यासाठी. आज जिंकू दे त्याला."