बिनमिठाचा डबा

"दुधीची भाजी मस्त झालती, ताई." गाडीतून उतरून सन्मतीने रिकामा डबा त्रिशलाच्या हातात दिला.

"तूच खाल्ली वाटते?"

"मंग? टाकून देऊ का?"

भाजी बिनमिठाची होती, नावाला तेल लावलेली होती आणि ती वडिलांसाठी, बाबूजींसाठी होती. बाबूजी मागून सावकाश उतरले. त्यांच्या सदऱ्याला कचोरीचा वास येत होता. छातीच्या दुखण्याच्या म्हाताऱ्याला हा मेडशीला गाडी थांबवून कचोरी चारतो आणि त्यांचा डबा आपण खातो.  त्रिशलाने डबा जरा जोरातच मोरीत ठेवला.

आई छातीतल्या कळेनेच गेली होती. मंदिराच्या पायऱ्या चढताना ती मध्येच थांबायची, पदर सारखा करायची. पदर तर आधीच सारखा असायचा, हे त्रिशलाला फार उशिरा कळलं. शेवटच्या दिवशी त्रिशला शाळेत शिकवत होती आणि आईचा हात शेजारच्या हिरीबाईच्या हातात होता.

म्हणून बाबूजी चालताना छाती चोळू लागले, तेव्हा तिने उशीर केला नाही. मोबाइलवर ती वाचतच राहिली. अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात अशाच दुखण्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती, माणसं हवी होती. फोन तिनेच केला. त्रास काय होऊ शकतो, मध्येच सोडता येतं का, सगळं विचारून घेतलं. पलीकडच्या बाईने शेवटी वय विचारलं.

"शहात्तर."

"सत्तरच्या आतलेच घेतो, मॅडम."

त्या रविवारी सन्मती वाशीमहून आला. तिथे त्याचं पाइप-मोटारींचं दुकान होतं. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने खोदून खोदून विचारलं. किती दिवसांनी जावं लागते? चालत्या पट्ट्यावर चालवतात म्हणे, तारा लावून? क्षणभर तिला बरं वाटलं. भाऊ बापाची काळजी करतो.

आठवड्याने त्याचा फोन आला. "जमलं. बाबूजीले मी घेऊन जातो."

"अन् वयाचं?"

"जमलं म्हटलं ना."

तिच्या शब्दाने जे दार उघडलं नाही ते याच्या शब्दाने उघडलं. लहानपणापासून हेच. शोधायचं तिने, रांधायचं तिने, रात्री उठून पाणी द्यायचं तिने. आणि हिरीबाई ओट्यावर बसून गावाला सांगणार, "पोरगा असावा तं असा. बापाले गाडीत बसवून अकोल्याले नेते." बाबूजी ते ऐकायचे आणि काहीच म्हणायचे नाहीत. 'त्रिशलानं शोधलं' एवढे दोन शब्दही नाहीत.

"पुढच्या खेपेले मीबी येतो," ती एकदा म्हणाली.

"तू कायले? तुही शाळा कर," बाबूजी म्हणाले. "अन् जिनलपाशी काही बोलू नको. एवढ्या वर्षानं तिले दिवस गेले. तुह्या पोटात गोष्ट राहत नाही."

जिनल म्हणजे सन्मतीची बायको. सासऱ्याच्या दुखण्याने तिला असं काय होणार होतं? पण तिला जपायचं. त्रिशलाला मात्र कोणी कधी जपलं नाही.

"औषध लागू पडलं का, बाबूजी?"

"लागू पडून राह्यलं. थोडं थोडं."

सुरुवातीला गाडी सन्मती चालवायचा. मग त्याने खालिद नावाचा ड्रायव्हर ठेवला आणि स्वतः मागे मान टाकून, डोळे मिटून बसू लागला. शेठ झाला. घरात येतानाही तसंच. ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबायचं, खिशातून मोबाइल काढायचा, पाहायचा, परत ठेवायचा.

"आंदर तं ये आधी," ती म्हणाली. "तुहा धंदा काही पळून नाही जात."

"येतो. तू हो ना पुढं," तो हसून म्हणाला.

आज सन्मती आणि बाबूजी डबा विसरून गेले. ओट्यावर तो तसाच होता, अजून कोमट. त्रिशलाने हेडमास्तरांना फोन केला, साडी बदलली आणि अकोल्याची एसटी धरली. पातूरच्या घाटात तिने सगळं ठरवून टाकलं. डॉक्टरांना सांगायचं, हे मी शोधलं. यापुढे बाबूजींसोबत मी येणार. तारा लावताना त्यांचा हात मी धरणार. एक हात सुटला तेवढा पुरे.

दवाखान्यातल्या माणसाने दुसरा मजला दाखवला. लांब व्हरांड्याच्या टोकाला, बंद दारापाशी बाकावर बाबूजी एकटेच बसले होते. मांडीवर सन्मतीचा मोबाइल होता, घड्याळ होतं. म्हणजे याचं सामानही त्यांनीच सांभाळायचं. आणि हा कुठे गेला फिरायला?

"बाबूजी, तुमचा डबा राह्यला होता."

बाबूजींनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. हात पुढे झाला नाही.

"कोनाबरोबर आली तू?"

"एकटीच. घ्या ना."

दार उघडलं. नर्स बाहेर आली. तिने डबा पाहिला आणि ओळखीचं हसली.

"आला का डबा? आत्ताच विचारून राह्यले होते. बिनमिठाचाच ना, ताई? द्या इकडं. सन्मतीभाऊ अजून पट्ट्यावर चालून राह्यले. तारा काढल्या की जेवतीन."