सहीचं फूल

धुरपदाबाईला अक्षर येत नव्हतं, पण अंगठा उठवायचा म्हटलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून लोहाऱ्याच्या बँकेत दोघांचं खातं काढताना तिचा नवरा बब्रुवान म्हणाला होता, "कुठं बघाया मिळायची न्हाईत असली फुलं काढतीस की भिताडावर! तसलंच एक काढ. तीच तुझी सही." अन् तिनं काढलं होतं.

आता बब्रुवानला जाऊन दोन महिने झाले. पासबुकावरचं त्याचं नाव कमी करायला ती एकटीच आली होती. अर्जाखाली तिनं सावकाश एक फूल काढलं. साहेबांनी ते बघितलं आणि मान हलवली.

"आजी, सही जुळत नाही. जुन्यासारखी करा." त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला.

पडद्यावरच्या फुलाला थेट बब्रुवानच्या मिशा होत्या, देठात पैंजण होतं, अन् ते तोंड भरून हसत होतं. मालकाकडं चोरून बघत बघत काढलेलं.

तिनं पुन्हा काढलं. मिशा जमल्या. पैंजणही जमलं. हसू काही केल्या येईना. चार कागद वाया गेले, तशी मागची रांग कुरकुरायला लागली.

तिनं पेन ठेवलं आणि टेबलावरचं शाईचं पॅड स्वतःच पुढं ओढलं.

"ते फूल आता न्हाय यायचं, साहेब. अंगठाच घ्या."