सक्षमतेचा दाखला

"तुम्हीच वाचा ना मोठ्यानं," सर म्हणाले. "नियम कारकुनाच्या तोंडून ऐकला की जास्त खरा वाटतो."

आस्थापना विभागातला कारकून सुखावला. त्यानं परिपत्रक हातभर लांब धरलं आणि घसा साफ केला. "अर्धवेळ अध्यापक वयाच्या पासष्टाव्या वर्षी सेवामुक्त होतील. परंतु विद्यापीठाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सक्षम असल्याचा दाखला दिल्यास सत्तरीपर्यंत दरवर्षी मुदतवाढ देता येईल. दाखला शुक्रवारी पाचपर्यंत."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर शनिवारी सुट्टी, सर. कायमची." कारकून स्वतःच्याच विनोदावर हसला. "पण तुम्हाला कसली धास्ती? हजेरीपट न उघडता साठ पोरांची हजेरी घेता म्हणे."

सरही हसले. टेबलाआड मात्र ते बोटांवर शुक्रवारपर्यंतचे दिवस मोजत होते.

एकतीस वर्षं ते तर्कशास्त्र शिकवत होते. या विषयाला पूर्णवेळ जागा मंजूर व्हायची होती, ती अजूनही व्हायचीच होती. नोकरी अर्धवेळ असली तरी आयुष्य तिच्यात पूर्णवेळ गेलं होतं. पुस्तकाला हात न लावता दोन तास बोलणारा माणूस म्हणून त्यांचा दबदबा होता. अलीकडे जरा शिष्ट झालेत, अशीही कुजबुज होती. समोरून कुलसचिव आले तरी ते आधी 'नमस्कार' म्हणेपर्यंत सर मान हलवत नाहीत, म्हणे.

वर्गात ते निर्धास्त असत. दारापासून खुर्ची सात पावलं, खुर्चीपासून खिडकी चार. तेवढ्या जगात त्यांचं कधी काही चुकलं नव्हतं. त्या जगाला शनिवारी कुलूप लागलं, तर उरलेलं जग फार मोठं होतं, आणि तिथं जो तो त्यांना "जपून, जपून" म्हणत सुटला असता.

त्या आठवड्यात त्यांनी बायकोला तीनदा विद्यापीठाच्या दवाखान्यात नेलं. तिच्या नव्या चष्म्याचा नंबर चुकलाय, असं त्यांचं ठाम मत होतं.

"अहो, माझे डोळे ठणठणीत आहेत."

"तरी एकदा खात्री करून घेऊ."

"दोनदा झाली की खात्री! धसका तुम्ही घेतलाय तुमच्या तपासणीचा, आणि वरात माझी."

मग ती रागारागानं भिंतीवरचा तक्ता वाचायची. वरपासून खालपर्यंत, डॉक्टर बहिरे असल्यासारखी, ओरडून. डॉक्टरांची छडी पुठ्ठ्यावर थप थप वाजत खाली सरकायची. सर शेजारच्या स्टुलावर डोळे मिटून बसायचे. रक्तदाब वाढू नये म्हणून असेल, असं तिला वाटायचं.

शुक्रवारी चार वाजता सर एकटेच गेले. दवाखान्याच्या पायऱ्या बावीस. त्या ते नेहमी मोजून, दमानं चढायचे. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येणार म्हणून सगळं आवार रंगवायला काढलं होतं, झाडांचे बुंधेसुद्धा सुटले नव्हते. जिन्यापासूनच ओल्या रंगाचा वास मारत होता. सरांना खोकला आला.

"या सर, या! खोकल्यावरून ओळखलं," आतून डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरही अर्धवेळच. सकाळी आरोग्यशास्त्राचा तास, दुपारी दवाखाना.

"तुमचीही पासष्टी जवळ आली असेल ना?" खुर्ची चाचपत सरांनी विचारलं.

"गेल्या वर्षीच झाली. माझी तपासणी मीच केली. दुसरा डॉक्टर आहे कुठं इथं?" डॉक्टर हसले. "अगदी उत्तम निघालो."

सिस्टरांनी रक्तदाब मोजून मोठ्यानं सांगितला. वजन सांगितलं. डॉक्टरांनी दोन्ही वेळा मान डोलावली. सिस्टरांनी अर्जावर बोट ठेवलं, डॉक्टरांनी बोटाशेजारी सही केली. वर्षानुवर्षांची सवय दिसत होती.

"आता एकच राहिलं," सिस्टर म्हणाल्या. "थांबा हं, घेऊन येते." आणि त्या बाहेर गेल्या. काय घेऊन येते, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

"त्या येईपर्यंत डोळे उरकून टाकू," डॉक्टर जरा घाईनं म्हणाले. ते उठले. टेबलावरचा कप कलंडला. "असू दे, असू दे. वाचा. पहिली ओळ."

टक.

छडी आज कडक वाजली. सरांनी कान टवकारले. पण आता माघार नव्हती.

"न," ते म्हणाले.

टक.

"ग, म."

टक.

"र, ट, व."

"शाबास." डॉक्टरांचा आवाज का कोण जाणे, जरा कापत होता. "पुढं."

टक.

"क, प, ल, य."

"आता शेवटची. बारीक आहे, सावकाश."

टक.

ही ओळ बायको तिन्ही वेळा चिडून भरभर म्हणाली होती. ते पुढं झुकले. डोळे किलकिले केले. एकतीस वर्षं त्या पाच अक्षरांवर टांगली होती.

"स... द... ण... ह..." ते अडखळले. "ब."

"चष्म्याशिवाय!" डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "सर, या वयात अशी नजर मी बघितली नाही. दिला तुम्हाला दाखला!"

सरांना रडू येईलसं वाटलं. तेवढ्यात दार वाजलं. सिस्टर आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. सकाळी रंगाऱ्यानं उतरवून ठेवलेला तक्ता त्यांच्या काखेत होता. समोरच्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर, ओल्या रंगात, छडीच्या टोकाचे पाच ठिपके एकाखाली एक उमटले होते, आणि दोघंही त्या भिंतीकडे मोठ्या समाधानानं बघत होते.