‘गावकट्ट्या’चा तिसरा नियम

"नाव सांग," भैय्यालालकाका म्हणाले. "मग आम्ही चाललो."

मनालीने चहाचा एक कप त्यांच्यासमोर ठेवला, दुसरा धर्मेंद्रला दिला. धर्मेंद्र म्हणजे राईस मिलच्या शेठचा पुतण्या. भैय्यालालकाका त्याच मिलचे सुपरवायझर, पंचवीस वर्षांपासूनचे. दोघे एकाच मोटारसायकलवर आले होते आणि अंगणातल्या दोन्ही खुर्च्या त्यांनी घेतल्या होत्या. मनालीची आई रत्नाबाई दाराला टेकून उभी होती. तीसुद्धा त्याच मिलमध्ये कोंडा झाडायला जायची, म्हणून आज जरा जास्तच सरळ उभी होती.

"नाही सांगता येत, काका."

"काहून?"

"नियम आहे."

धर्मेंद्र हसला. "अकरावीतली पोरगी. नियम आहे म्हणते."

पण नियम होतेच. ‘गावकट्टा’ हा गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप मनालीने दिवाळीच्या सुट्टीत सुरू केला, तेव्हा वहीच्या पानावर नियम लिहून त्याचाच फोटो ग्रुपला लावला होता. दोनशे बारा माणसं, म्हणजे नियम पाहिजेतच. कोणाच्या घरातलं कोणी लिहायचं नाही. तपासल्याशिवाय काही टाकायचं नाही. आणि तिसरा, जो तिने पेनाने दोनदा गिरवला होता: ज्याला नाव लपवून लिहायचं असेल त्याने मनालीच्या नंबरवर पाठवावं, ती बिननावाने टाकेल, आणि ते नाव उघडायचा हक्क फक्त लिहिणाऱ्याचा राहील.

तीन महिने या नियमाखाली आलं काय, तर बोअरिंगला गाळ येतो आणि शाळेमागच्या लाखोरीच्या पिकात शेळ्या शिरतात.

बुधवारी मात्र हे आलं: ‘मिलमध्ये उकड्या तांदळासाठी धान भिजवतात, ते सडकं पाणी पहाटे चारला तलावात सोडतात. मोटरच्या खोलीची चावी ऑफिसातल्या खिळ्यावर असते. मासोळ्या त्यानंच मरून राहिल्या.’

मनाली आधी तलावाच्या पाळीवर जाऊन आली. पाईपने पाडलेला चर ओला होता आणि नाक धरावं लागलं. मग तिने टाकलं.

तेव्हापासून शेठला एकच गोष्ट हवी होती.

"आमाले माहीत आहे कोण ते," धर्मेंद्र म्हणाला. "फकिरा. पहाटे बॉयलरवर तोच राहते आणि तलावात जाळंही त्याच्याच घरचे टाकतात. उद्यापासून त्याचं काम बंद."



"फकिरा नसन तं तसं सांग," भैय्यालालकाका म्हणाले. "तो नाही, एवढंच म्हण. नाव नको सांगू."

किती सोपं होतं. दोन शब्द. मनालीने ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणूनही पाहिले.

"नाही, काका. आज मी फकिराकाका नाही म्हटलं, तर उद्या तुम्ही दुसऱ्याचं नाव घ्याल. मग तिसऱ्याचं. ज्या नावाले मी गप्प राहीन, तोच, हे तुमाले समजणार."

भैय्यालालकाकांचा चहा तसाच होता, वर साय धरली होती.

"मोबाईल दाव इकडं," धर्मेंद्रने हात पुढे केला.

"राहू दे," काकांनी त्याचा हात खाली केला. "पोरीच्या मोबाईलले हात लावला तं सारं गाव अंगावर येईन." मग ते मनालीकडे वळले. "पोरी, तू बोलली तर एका घरची चूल बंद होते. नाही बोलली तर दुसऱ्या घरची. माहीत आहे न?"

"माहीत आहे, काका."

"आणि तरी नाही बोलत."

"नाही."

मनाली सरळ त्यांच्याकडे पाहत होती. नजर काकांनीच वळवली.

धर्मेंद्र उठला. "रत्नाबाई, तुमाले तरी कामावर यायचं आहे न? समजवा हिले."

"मी काय समजवू, साहेब," रत्नाबाई म्हणाली. "शाळेच्या डब्यात काय देऊ विचारलं, तरी ही मले विचार करून सांगते."

दोघे बाहेर गेले. फाटकाशी गाडीवर बसून धर्मेंद्रने शेठला फोन लावला. "नाही सांगत... हो, फकिराच... उद्या फाटकातूनच परत पाठवतो," एवढं आतपर्यंत ऐकू आलं. भैय्यालालकाका त्याच्या मागे बसून आपला मोबाईल पाहत होते.

"फकिराले ऑफिसात पाय तरी ठेवू देतात का?" रत्नाबाई कप उचलता उचलता म्हणाली. "खिळा कुठं आहे ते त्याले काय माहीत. तीन लेकरं आहेत त्याच्या घरी. सांगून टाकायचं होतं, बाई."

"लिहिणाऱ्याच्या घरीही लेकरं आहेत, आई."

"मग त्यानं यावं न समोर."

"ते त्यानं ठरवायचं. आपण नाही."

हातातला मोबाईल थरथरला. मनालीने पाहिलं. बुधवारच्याच नंबरवरून होतं.

‘आता माझं नाव टाक. फकिराचं काम जायला नको.’

तिचा अंगठा थांबला. ‘नक्की?’ तिने लिहिलं.

‘हो. तू नियम पाळला. आता मले पाळू दे.’

मनालीने बुधवारचा मजकूर पुन्हा घेतला, त्याखाली ‘लिहिणाऱ्याच्या परवानगीने’ असं टाइप केलं, पुढे पूर्ण नाव टाकलं, स्पेलिंग तपासलं आणि पाठवलं.

फाटकाशी धर्मेंद्रचं बोलणं संपलं होतं. मोबाईल खिशात ठेवता ठेवता तो वाजला. त्याने पाहिलं, वाचलं, परत एकदा वाचलं, आणि सावकाश मान वळवून आपल्या मागे बसलेल्या माणसाकडे पाहिलं.