बेचाळीस तक्रारी

नगरपालिकेच्या अन्नखात्याच्या अधिकाऱ्यांनी शेवटची तक्रार वाचली आणि फाइल मिटली. एकूण बेचाळीस. महिन्यापूर्वी चारुदत्तच्या कंपनीनं चाखण्यापुरती परवानगी काढून दुबईजवळच्या अजमानमधल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये दह्याचे कप वाटले होते. ते खाऊन कुणाला उलट्या झाल्या, कुणाच्या अंगावर पुरळ आलं.

चारुदत्त नुसता ऐकत होता. जिलेटिन न घालता दही घट्ट लावणारा तो जिवाणू त्यानं चार वर्षं खपून प्रयोगशाळेत घडवला होता. त्याची जनुकं बदललेली आहेत हे वाटपाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं आणि लोक बिथरले. २००१ साल होतं. असलं दही तिथं कुणी ऐकलेलं नव्हतं.

"मेरी बच्ची तीन दिन कुछ खा नहीं पाई," खैरुन्निसा म्हणाली. ती त्याच्याच मजल्यावर राहायची. "भाईसाब, आपसे कोई गिला-शिकवा नहीं. बस, ऐसी चीज़ बच्चों को मत खिलाइए."

"डॉक्टर, तुम्हाला काही सांगायचंय?" अधिकाऱ्यांनी इंग्रजीत विचारलं.

शेजारी बसलेल्या सतीशनं, त्याच्या मॅनेजरनं, टेबलाखाली त्याचा गुडघा दाबला.

"नाही," चारुदत्त म्हणाला.

"खलास. विषय संपला," अधिकारी म्हणाले.

विक्रीची परवानगी नाकारली गेली. जिवाणू नष्ट करायचा हुकूम निघाला.

दुपारी त्यानं स्वतःच जिवाणूच्या टाकीत वाफ सोडली. तापमानाचा काटा एकशे एकवीस अंशांवर गेला, वीस मिनिटं तिथंच राहिला. आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून तो थांबला होता. काही वाटलं नाही. त्यानं कागदावर सही केली आणि घरी आला.

बायकोनं, मुग्धानं, पुढ्यात चहा ठेवला. "खैरुन्निसा सांगत होती, तू तोंडच उघडलं नाहीस. जिवाणू सुरक्षित असल्याचे रिपोर्ट होते ना तुझ्याकडे?"

"होते."

"मग?"

"रिपोर्ट दाखवले असते, तर त्यांनी त्या दिवशीच्या दह्याचा बॅच नंबर मागितला असता."

"मग द्यायचा."

चहावर साय धरली होती. त्यानं ती बोटानं बाजूला सारली.

"आदल्या दिवशी टाकी बिघडली. आमचं दही लागलंच नाही. हॉल बुक झालेला, लोकांना बोलावलेलं." त्यानं बोट पुसलं. "ते दही आम्ही सुपरमार्केटमधून आणलं होतं, मुग्धा. आमची फक्त झाकणं होती."