सत्तावीस नंबरची रात्र

"हिच्या केसांची मुळं झोपलीत, काका. ठार झोपलीत," मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि थापाकाकांच्या हातातली रिकामी बादली झुलायची थांबली.

थापाकाका हे नाव त्यांना बारशाला नव्हे, कर्तबगारीवर मिळालेलं. आजोबांच्या बोकडाच्या दाढीत चिमणीनं घरटं केलं, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत बोकडानं मान म्हणून खाली घातली नाही, ही त्यांची साधी थाप. अवघड थापा ते राखून ठेवत.

शेळ्यांच्या शेडला काळे पडदे होते. काकांनी ते सकाळी नऊला उघडायचे, दुपारी चारला ओढायचे. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत थंडीतली लांबलचक रात्र. शेळ्यांनी फसावं, हिवाळा आला असं समजावं, आणि राठ केसांखालची रेशमी लव भर उन्हाळ्यात उगवावी, असा बाईंचा प्रयोग. दोन महिन्यांत एकोणचाळीस शेळ्या बिनबोभाट फसल्या होत्या. टोकाच्या खणातली सत्तावीस नंबर तेवढी फसली नव्हती.

"म्हणजे खोट आहे म्हणायची हिच्यात," काका म्हणाले.

"खोट कसली, सोनं आहे. रात्र वाढली की लवेच्या मुळांना उठवणारं जे जनुक असतं, ते हिच्यात निराळं असणार. तीन वर्षं हेच शोधतेय मी." बाईंनी मान वर केली. त्यांचा चेहरा इतका उजळलेला काकांनी कधी पाहिला नव्हता. "गाडी आलीय. मोठ्या प्रयोगशाळेत हिचं सगळं कातडं तपासतील."

"सगळं म्हणजे... ही उभी असताना?"

बाई काचपट्टी पुसत राहिल्या. "नाही, काका."

काकांनी बादली खाली ठेवली.

"बाई, ते जनुक म्हणजे मीच."

दारात टेकलेला ड्रायव्हर फिसकन हसला. "घ्या. आता काका शेळीचेही नातेवाईक निघाले."

"चारनंतर मी हिच्यापाशी दिवा लावून बसतो. आठपर्यंत. हिची रात्र होतच नाही, तर मुळं उठणार कशाला?"

"चारनंतर तुम्हाला मुलीचा फोन असतो," बाई म्हणाल्या. "रोज. 'बाबा, या इकडे राहायला' म्हणून डोकं खाते. तुम्हीच सांगता."

"फोन असतो. असतोच. पण दिवा पण..."

"फोनवर बोलायला दिवा कशाला लागतो, काका?" ड्रायव्हरनं विचारलं.

खोटं पचवायचं म्हटलं तर त्यांचा हात कोणी धरला नसता. खरं गळी उतरवायची मात्र त्यांना सवयच नव्हती.

"तुमचा जीव आहे हिच्यावर, कळतं मला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण बोकडाची दाढी वेगळी आणि हे वेगळं."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला पाच कमी. "पडदे ओढायचेच आहेत. एकदा आत चला. मग खुशाल न्या."

ड्रायव्हर गाडीकडे गेला. सत्तावीस नंबरला तिच्या खणात सोडून काकांनी एकेक पडदा ओढला, आणि शेडमध्ये डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला. काकांनी खाद्याच्या पिंपामागून चाचपत दिवा काढला. बॅटरीचा, तीन बाजूंनी गोणपाट शिवलेला. शेजारणींची झोपमोड नको म्हणून. उजेड पडला तो टोकाच्या खणात, दोन हातांपलीकडे नाही.

बाकी खणांत कोणी कूसही बदलली नाही. सत्तावीस नंबर उठली. काका उपड्या बादलीवर बसले तशी शांतपणे आली, त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून रवंथ करू लागली. मागच्या फळीवर पाठीचा तेलकट डाग पडला होता. काका तिथेच टेकले. डाग झाकला गेला.

"आता बघा," ते म्हणणार होते. त्यांनी नुसता श्वास घेतला, आणि शेळीचं तोंड थांबलं. कान उभे राहिले.

"मी बोलायच्या आधीच हिला कळतं," काका म्हणाले.

बाईंची नजर गोणपाटावरून शेळीच्या उभ्या कानांकडे गेली.

"कधीपासून?"

"पडदे लागले त्या दिवसापासून."

"रोज?"

"सुट्टीच्या दिवशी जरा जास्त."

"अंधारात बसून बोलता येत नव्हतं?"

"अंधारात समोरचा ऐकतोय की नाही ते दिसत नाही, बाई."

बाईंनी वही उघडली. सत्तावीस आकड्यावर पेन ठेवलं, थोडा वेळ तसंच धरलं, मग रेघ ओढली. तीन वर्षांत हाती लागलेली एकच गोष्ट त्या रेघेखाली गेली. दाराशी जाऊन त्यांनी बाहेर हाक दिली, "गाडी परत न्या. शेळी नाही जायची." गाडी निघून गेल्याचा आवाज आला. बाई परत आल्या.

"उद्यापासून ही बाहेरच्या कळपात. उन्हात."

"बरं."

"आणि दिवा द्या. बाकीच्यांची रात्र मोडायला नको."

काकांनी दिवा दिला. बाईंनी बटण दाबलं.

काळोख झाला. बाईंची पावलं दाराकडे गेली नाहीत. पेंढा खसफसला, आणि त्यांचा आवाज आला तो खालून, कोणी भुईवर बसून बोलावं तसा.

"काका, मुलीचा फोन येतो?"

सत्तावीस नंबरचा रवंथ तेवढा ऐकू येत राहिला.

मग काकांनी श्वास घेतला, आणि तोही थांबला.