सरकलेली छिद्रं

साल २००४. माझी दोन्ही मुलं मिळून सर्किट बोर्डांची डिझाइनं करायची. थोरला वरच्या खोलीत, धाकटा खालच्या. दोघांची सॉफ्टवेअरं वेगळी, आणि आपलं सोडायला कुणीच तयार नाही. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की कुठे बोर्डावरची छिद्रं सरकलेली, कुठे रेषा तुटलेल्या. मग माझ्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून दोघं एकेक छिद्र जुळवत बसायचे.

“दादा, तुझं सॉफ्टवेअर अगदी तुझ्यावर गेलंय. कुणाचं ऐकत नाही.”

“आधी चष्मा पूस, मग बोल.”

भांडत भांडत तिथेच जेवून उठायचे.

शेवटी थोरल्या सुनेने फाइली बिनचूक बदलून देणारा प्रोग्रॅम आणला. घर एकदम शांत झालं.

आता थोरला शहराच्या एका टोकाला राहतो, धाकटा दुसऱ्या. फाइली रोज जातात-येतात, एक छिद्र हलत नाही. थोरल्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते धाकट्याला गिऱ्हाइकाकडून कळलं. मी महिनाभर इकडे, महिनाभर तिकडे, त्या फाइलींसारखीच.

परवा सुनेला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये पूर्वीसारखी एखादी चूक राहू देता येईल का गं?”